घडीची करवत : सोळा दिवस, सहा झाडं

घर विकलं. किल्ली द्यायला सोळा दिवस उरले होते आणि घेणाऱ्या बाईंचं एकच म्हणणं होतं, "मागचं रान तेवढं साफ करून द्या." रान म्हणजे बाबांची बाग. दोन पेरू, एक आंबा, एक लिंबू, एक अंजीर, एक डाळिंब. बाबांचे गुडघे गेल्यापासून सहा वर्षं कुणी तिथे कात्री लावली नव्हती. पेरू गच्चीच्या कठड्यावर रेलला होता, लिंबात हात घालायची सोय नव्हती आणि डाळिंब नेमकं कुठे आहे ते लाल फूल दिसलं तरच कळायचं.

एवढ्यासाठी ही घडी होणारी करवत मागवली. पातं २४ सेंटीमीटरचं, मूठ रबराची, ओढताना कापणारी. सोळाच्या सोळा दिवस वापरली, त्यात एकदा हरवली आणि एकदा दात मोडले, तेव्हा चार ओळी लिहायचा हक्क आहे.

कापते मात्र लोण्यासारखी. बाबांची जुनी करवत ढकलताना कापायची. ढकललं की पातं वाकू बघतं, म्हणून ते जाड ठेवावं लागतं, आणि जाड पातं म्हणजे जास्त भुसा, जास्त घाम. हिचं पातं ओढताना ताणून सरळ राहतं, म्हणून पातळ असूनही चालतं. पेरूचं लाकूड काय चिवट असतं ते ज्याने कापलंय त्याला विचारा. तरी मनगटाएवढी फांदी वीस-पंचवीस ओढींत खाली. परत नेताना जोर लावायचाच नाही, करवत नुसती सोडून द्यायची. हे मी दादाला दोनदा सांगितलं. "मला शिकवू नकोस गं," म्हणत त्याने पहिल्याच सकाळी सुतारासारखी ढकलली आणि पात्याचं टोक वाकवलं. ते बाक अजून आहे. कापण्यात फरक पडलेला नाही, पण घडी करताना टोक मुठीला घासतं. तुमच्याही घरी असा दादा असेल तर त्याला आधी वाळक्या फांदीवर सराव करायला द्या.

दुसरी जमेची बाजू म्हणजे पात्याचं निमुळतं टोक. दोन फांद्यांच्या बेचक्यात जिथे जुनी करवत शिरायचीच नाही, तिथे ही जाते. हे बारीकसारीक वाटेल, पण छाटणीत सगळं तिथेच असतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक सुरकुतलेला, किंचित फुगीर गळपट्टा दिसतो. काप त्याच्या अगदी बाहेर हवा. खोडाला घासून कापलं तर तो गळपट्टाच जातो, लांब ठेवलं तर खुंटी वाळून कुजते. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन संशोधकाने झाडं चिरून आतलं लाकूड पाहिलं आणि १९७७ मध्ये मांडलं, की झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंती घालून तिला वेगळी पाडतं. बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी खोडाला घासून कापलेली आंब्याची एक फांदी होती. तिथे आता माझी मूठ जाईल एवढी पोकळी आहे. आत मुंग्या. शायगो पटायला मला एवढं पुरलं.

जड फांदीला मात्र एका कापात हात घालू नका, करवत कितीही चांगली असो. मी घातला. आंब्याची खालची फांदी अर्धी कापून होते न होते तोच स्वतःच्या भाराने मोडली आणि खोडावरची वीतभर साल सोलून घेऊन गेली. नंतर रीतसर तीन काप घेतले : आधी खोडापासून फूटभरावर खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला ठोंब गळपट्ट्याशी. पुढे एकही साल फाटली नाही.

आता गाऱ्हाणी.

मूठ हिरवी आहे. बागेतल्या हत्याराला हिरवी मूठ द्यायची कल्पना ज्याची, त्याला त्या ढिगाऱ्यात दोन तास उभं करायला हवं. पाचव्या दिवशी करवत खाली ठेवली, वर लिंबाच्या फांद्या पडल्या आणि ती गेली. अख्खी दुपार काट्यांत हात घालून शोधली. मिळाली ती दुसऱ्या दिवशी, ढीग उपसताना. त्याच संध्याकाळी मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळली. तुम्ही खोकं उघडल्या उघडल्या गुंडाळा.

दुसरं दातांचं. दातांची टोकं निळसर काळी दिसतात, कारण ती तापवून टणक केलेली असतात. त्यामुळे धार टिकते, पण ती गेली की कानस लागत नाही, पातंच बदलायचं. हे खोक्यावर बारीक अक्षरात आहे. मला नवव्या दिवशी कळलं. दुसरा पेरू कापताना मध्येच "खर्र" असा आवाज आला आणि करवत अडली. दादा म्हणाला, गाठ असेल. साल तासून बघितली तर आत तार! आईने कपडे वाळत घालायला पेरूला बांधलेली दोरीची तार. आई जाऊन अकरा वर्षं झाली. झाडाने तार आत घेतली होती, वर साल चढली होती, बाहेरून नुसती एक आडवी सुरकुती. मी ती सुरकुती लहानपणापासून बघत आले आणि मला ती झाडाचीच वाटायची. चार दात गेले. करवतीची चूक नाही, पण त्या जागी पुढे प्रत्येक ओढ अडखळते. नवं पातं मागवलं तर विक्रेत्याकडे शिल्लक नव्हतं. तेव्हा करवतीबरोबरच जादा पातं घेऊन ठेवा. जुन्या बागेत खिळे, तारा, कडी काहीही निघतं.

खटका चांगला आहे, पातं उघडं असताना कधी मिटलं नाही. कमरेला अडकवायची क्लिप कुचकामी. बोटाहून बारीक फांद्यांना ही वापरूच नका, फांदी नुसती हलत राहते; तिथे सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. लिंबाच्या कलमाच्या जोडाखालून फुटलेले खुंटाचे (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्याचे) धुमारे आणि आतले पाणसोट, म्हणजे सरळसोट वर वाढलेल्या कोवळ्या फुटी, मी सिकेटरनेच काढले. अंजीर कापताना पूर्ण बाह्या घाला. त्याचा चीक अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते. माझ्या डाव्या मनगटावर डाग अजून आहे. चीक पात्यालाही चिकटतो. रोज संध्याकाळी रॉकेलच्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवायचा.

आणि एक तक्रार अशी, की ही करवत फार सहज चालते. जुनीने दोन फांद्या कापल्या की हात भरून यायचे, माणूस बसायचा, झाडाकडे बघायचा. हिने दादाने बाराव्या दिवशी जेवणानंतर आंब्याचा अख्खा शेंडा उतरवला. मी चहा घेऊन मागे आले तर वर नुसतं आभाळ. पेरूला असं केलेलं चालतं, तो नव्या फुटीवर धरतो. आंबा पक्व झालेल्या काड्यांच्या टोकाला मोहरतो, त्या सगळ्या जमिनीवर पडल्या होत्या. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त झाड उतरवू नये हे मी दादाला सकाळीच सांगायला हवं होतं. घेणाऱ्या बाईंना खरं सांगून टाकलं, की दोन-तीन वर्षं आंब्याची वाट बघू नका. त्या म्हणाल्या, "असू दे हो, उजेड तरी आला."

पाचपैकी चार तारे. एक तारा हिरव्या मुठीचा कापला.

पातं अखेर आलं, पण आम्ही सामान हलवल्यानंतर, नव्या पत्त्यावर. इथे तिसरा मजला आणि हातभर बाल्कनी. अंजिराच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार काड्या आणल्या होत्या, त्यांतल्या तिघींना डोळे फुटलेत. पातं तेल लावून कपाटात ठेवलंय.