रिळाची ओळख: लीडरवर हाताने लिहावी की चौकटींत छापावी?

चित्रपटाचे नाव, रीळ क्रमांक आणि ‘हेड’ (सुरुवात) किंवा ‘टेल’ (शेवट) ही ओळख लीडरवर, म्हणजे रिळाच्या टोकाला चित्रपटाबाहेर असलेल्या पट्टीवर, शाईने लिहावी, की तिथल्याच फिल्मच्या चौकटींत (एकेका चित्राच्या जागेत) छापून घ्यावी, असा पेच संग्रह लावताना हमखास पडतो. डब्यावरचे लेबल हा तिसरा पर्याय मी धरतच नाही, कारण डब्यांची अदलाबदल होते.

खर्चात हस्तलेखन सरस आहे. छापील चौकटींसाठी मजकूर चित्रित करून तो निगेटिव्हला जोडावा लागतो. मात्र एकदा तेवढे केले की त्या निगेटिव्हवरून निघणाऱ्या प्रत्येक प्रिंटवर तीच ओळख आपोआप उतरते.

टिकाऊपणात चित्र पालटते. शाई घर्षणाने पुसट होते आणि सफाईच्या द्रावणात विरघळू शकते, तर छापील अक्षरे इमल्शनमध्येच (फिल्मवरच्या चित्र उमटणाऱ्या थरात) असल्याने चित्राइतकी टिकतात, अर्थात चित्राइतकीच ओरखडतातही. प्रक्षेपणासाठी रिळे एकमेकांना सांधताना लीडर कापला गेला, तर मात्र दोन्ही ओळखी सारख्याच जातात.

वाचनाच्या सोयीत हस्तलेखन पुढे आहे, कारण फिल्मच्या लांबीवर लिहिलेली मोठी अक्षरे सहज दिसतात. 35 मिमीच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि त्यांतला मजकूर उजेडावर धरून वाचता येतो. 16 मिमीला बहुधा भिंगच लागते.

नव्या प्रिंटा काढायच्या असतील, तर छापील चौकटी घ्याव्यात. जुन्या, एकुलत्या प्रिंटसाठी स्वतंत्र लीडर जोडून हाताने लिहावे; त्यावर आकुंचन, तुटलेली छिद्रे अशा नोंदीही करता येतात.