तांबी, अंतरा, छाया की आणखी काही? आधी पाळीचा हिशेब

"मावशी, तांबी बसाडी तं रोटस्ले अडचण यी का वं?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या भाचीने झोका घेता घेता विचारलं. तिचं मूल दीड वर्षाचं. दुसरं हवं आहे, पण तीनेक वर्षांनी. आणि श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांच्या सणाला, सासरची सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. त्या दिवशी सुनेला बाहेर बसावं लागलं तर घरात काय वातावरण असतं, ते खानदेशात कुणाला समजावून सांगायला नको. मला स्वतःला हा विटाळ पटत नाही. पण मला पटत नाही म्हणून तिची सासू तो पाळायची थांबणार नाही, तेव्हा प्रश्न मला खुळा वाटला नाही.

माझी सगळी नोकरी उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून गेली. पाळणा लांबवायचं साधन मध्येच सोडून देणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या. दिवस राहिले म्हणून सोडणाऱ्या त्यात थोड्याच. बाकीच्यांची तक्रार पाळीची: अंगावरून फार जातं, दोन महिने पाळीच नाही, मधेच डाग पडतात. साधन देताना मात्र सगळा भर असतो ते किती खात्रीचं यावर. म्हणून मी तुलना दुसऱ्या टोकाने करते. पाळीचं काय झालेलं तुम्हाला चालेल, ते आधी ठरवा.

खात्रीचे आकडे एकदा सांगून टाकते. १०० जोडप्यांनी वर्षभर साधन वापरलं, तर विसराविसरीसकट किती जणींना दिवस राहतात? निरोधवर साधारण १३, रोजच्या गोळीवर ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर (अंतरा) ४, तांबीवर एकीपेक्षा कमी. बाईच्या ऑपरेशननंतर २०० त एक, पुरुषाच्या नसबंदीनंतर त्याहूनही कमी. काहीच वापरलं नाही तर ८५. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले आहेत, तेव्हा कोण वर नि कोण खाली एवढंच त्यातून घ्या. आणि गोळी एकही दिवस न चुकता घेतली तर ७ चा आकडा १ च्याही खाली जातो. बाकीच्या सहा जणी विसरलेल्या असतात.

तांबी आणि अंतरा

तीनेक वर्षं पाळणा लांबवायचा असेल तर खरी निवड बहुधा या दोघींतच असते.

तांबी म्हणजे कॉपर-टी. प्लास्टिकचा टी आकाराचा लहानसा तुकडा, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. गर्भाशयात बसवली की सुटणारं तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं, त्यामुळे बीज फळण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. संप्रेरक त्यात काहीही नाही. सरकारी दवाखान्यात दोन प्रकार फुकट मिळतात: ३८०-ए दहा वर्षांची, ३७५ पाच वर्षांची. दहा वर्षांची बसवली म्हणून दहा वर्षं ठेवायची सक्ती नाही. मूल हवंसं वाटलं की काढून घ्यायची, लगेच दिवस राहू शकतात.

पाळी तिच्या वेळेवर येते, पण पहिले तीन ते सहा महिने जास्त जाते आणि पोटात कळा येतात. पुढे बहुतेकींचं बसतं. म्हणजे भाचीच्या प्रश्नाला उत्तर असं: तांबीने तारीख हलत नाही, आलेले दिवस जड जातात. इथे मी आधी हिमोग्लोबिन पाहते. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी भरतं. कापूस वेचून आलेली, पांढरी फटक पडलेली बाई समोर बसली असेल तर तिला पाळी वाढवणारं साधन देण्याआधी लोहाच्या गोळ्या द्यायला हव्यात.

"तांबी वर चढते, पार काळजापर्यंत जाते" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता रागही येत नाही. गर्भाशयातून काळजाकडे जायला रस्ता नाही. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका असतो, तो हजारात एखादीला. त्याहून नेहमीची गोष्ट म्हणजे तांबी निसटून पडणं, विशेषतः बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवलेली. त्यासाठी पाळी गेल्यावर तांबीचा दोरा हाताला लागतो का ते बघायचं. ताप, ओटीपोटात जोराची कळ, वास येणारा स्राव यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि तांबी असताना पाळी चुकली तर थांबू नका. दिवस राहण्याची शक्यता कमी, पण राहिले तर गर्भ नळीत असू शकतो, आणि ते जिवावर बेततं.

अंतराचा स्वभाव याच्या बरोबर उलटा. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. त्यातलं संप्रेरक बीज सुटणं थांबवतं आणि गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट करतं. २०१६-१७ च्या सुमाराला ते सरकारी दवाखान्यांत फुकट मिळायला लागलं. सुरुवातीला पाळीला काही धरबंध राहत नाही. आज डाग, चार दिवसांनी पुन्हा डाग. तीन-चार इंजेक्शनं झाल्यावर बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. "घाण रक्त आत साठतं मग" असं सासवा म्हणतात. साठत काही नाही. अस्तर जाड होत नाही, म्हणून गळायलाही काही नसतं. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तर पाळी बंद होणं फायद्याचंच.

ज्या घरात विटाळ कडक पाळतात तिथे पहिल्या सहा महिन्यांतले हे अवेळी डाग फार छळतात. वजन वाढतं काहींचं. हाडांची घनता थोडी उतरते, बंद केल्यावर भरून येते. आणि ज्यावर आमच्याकडे बोलायचं राहून जातं ते हे: शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वंध्यत्व येत नाही, उशीर होतो. "दिवाळीनंतर बंद करू आणि लगेच दुसरं" असं ठरवणारीने हा उशीर आधीच हिशेबात धरावा. इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर उतरतं.

आता आपल्या भागाच्या दोन गोष्टी. धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. अंतराला दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशीर चालतो, पण निघायच्या आधी घेतलेलं इंजेक्शन होळीपर्यंत पुरेलच असं नाही. कार्ड सोबत न्यायचं आणि तिकडच्या आरोग्य केंद्रात पुढचा डोस घ्यायचा. एवढी धावपळ फडावरून होणार नसेल तर तांबी बरी, तारीख लक्षात ठेवायची भानगड नाही. दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत हा आजार घरोघरी माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्ण बाईला अंतरा चालतं. तांबीने रक्त जास्त जातं म्हणून तिथे जपून, आणि माला या रोजच्या गोळीने रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो म्हणून ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये.

छाया आणि माला

दोन्ही गोळ्याच, पण एकीचे नियम दुसरीला लावले की घोटाळा होतो.

माला-एन रोजची. २८ गोळ्यांच्या पाकिटात २१ संप्रेरकाच्या, ७ लोहाच्या. पाळी अगदी ठरल्यासारखी येते, कमी जाते, पोटही कमी दुखतं. नुसता पाळीचाच विचार केला तर हिचा पहिला नंबर. पण रक्तदाब वाढलेला, पायात किंवा फुप्फुसात गाठ होऊन गेलेली, डोळ्यांपुढे चमकून मग अर्धशिशी उठणारी, पस्तिशीपुढची आणि तंबाखू ओढणारी, यांना ती नाही. मशेरी लावणारीने तीही डॉक्टरला सांगावी. अंगावर पाजत असाल तर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नाही. क्षयाचं औषध चालू असेल, त्यात रिफाम्पिसिन असतं, तर या गोळीवर विसंबायचं नाही. त्या औषधाने तिचा असर उतरतो.

छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आपली गोळी. बाजारात सहेली म्हणून ती १९९० च्या दशकापासून आहे. ती बीज सुटणं थांबवत नाही. गर्भाशयाचं अस्तर आणि बीज यांचं वेळापत्रक जुळू देत नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे रविवारी घेतली तर बुधवारी दुसरी, आणि नंतर फक्त रविवारी. मळमळ, डोकेदुखी फारशी नाही. पाजणाऱ्या आईलाही चालते. नीट घेतली तर वर्षाला शंभरात एक-दोघींना दिवस राहतात. काही जणींची पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर दिवस राहिले नाहीत ना, ते तपासून घ्यायचं. नुकतीच कावीळ झालेली किंवा बीजकोशात गाठी असलेली बाई असेल तर छाया नको.

आठवड्याची गोळी सोपी वाटते खरी. पण रोजच्या सवयीला अंग वळतं, आठवड्याच्या सवयीला वळत नाही. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. आठवडी बाजाराचा वार धरा, हे मी सगळ्यांना सांगायचे.

निरोधवर फार लिहीत नाही. पाळीला हात लावत नाही आणि लैंगिक आजार, एचआयव्ही यांपासून वाचवणारं साधन यादीत हेच एक. नवरा महिनोन् महिने बाहेरगावी ट्रकवर असेल तर बाकी काहीही घेतलं तरी हेही हवंच. ७२ तासांत घ्यायची गोळी चुकून घडलं तर आहे; दर महिन्याला तीच खाणाऱ्या मुली भेटतात, त्यांची पाळी पार विस्कटलेली असते. आणि "अंगावर पाजते तोवर राहत नाही" हे तिन्ही अटी जमल्या तरच खरं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचं दूध, आणि पाळी अजून आलेली नाही. एक अट मोडली की भरवसा संपला.

पाळणा थांबवायचाच असेल तर

इथे तुलना दोन ऑपरेशनांची, आणि माझा कल मी लपवत नाही. बाईचं पोट उघडून नळ्या बांधायच्या किंवा दुर्बिणीने रिंग घालायची; भूल, टाके, पोटातल्या इतर अवयवांना इजेचा थोडा तरी धोका. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागेवर सुन्न करून वीसेक मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. दोन दिवस आराम, आठवडाभर केळीचे घड उचलायचे नाहीत. लगेच लागू मात्र होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. नसबंदीनंतर "फसलं" म्हणतात ते बरेचदा याच तीन महिन्यांत. ताकद जात नाही, इच्छा जात नाही, वीर्यही दिसायला तेवढंच राहतं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. "त्यांना शेतात काम असतं" असं बायकाच मला सांगायच्या. त्या स्वतः टाके निघण्याआधी निंदायला गेलेल्या असायच्या.

ऑपरेशनला जोडीदाराची सही कायद्याने लागत नाही. उलटवता येईल असं धरून मात्र कुणीही ते करू नये. आणि बाईच्या ऑपरेशननंतर कधी पाळी चुकलीच, तर तांबीसारखंच: गर्भ नळीत नाही ना, ते आधी पाहायचं.

भाचीचं हिमोग्लोबिन ९ च्या आसपास निघालं. तांबी तिने पुढे ढकलली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि आखाजीनंतरच्या पाळीपासून छाया. दोनदाचा टप्पा श्रावणाच्या सुमाराला संपेल. "पण ही गोळी पाळी लांबवते ना, मग नेमकी रोटांवर आली तर?" असं तिने फोनवर विचारलं. येऊ शकते, मी म्हटलं. मग ती हसली आणि म्हणाली, तसं झालं तर यंदा रोट यांनाच लाटायला लावते.