‘डार्क’चा शेवट: तीनपैकी कुठली थिअरी धरायची?

नेटफ्लिक्सवरच्या ‘डार्क’ या जर्मन मालिकेचा तिसरा सीझन पाहून झाला नसेल तर इथूनच मागे फिरा, पुढे सगळं उघड केलंय. २६ भाग संपवून डोक्याचा भुगा झाला असेल आणि ‘नक्की काय झालं?’ हे ठरवायचं असेल, तर चाहत्यांमध्ये तीन तट आहेत.

भांडण आहे ते एका पेचावरून. घड्याळं बनवणाऱ्या टानहाउसचा मुलगा, सून आणि तान्ही नात १९७१ मध्ये गाडीच्या अपघातात जातात. त्यांना परत आणायला तो १९८६ मध्ये यंत्र सुरू करतो आणि त्याच्या जगातून दोन जगं फुटतात. त्यातल्या एका जगातला नायक योनास आणि दुसऱ्या जगातली मार्था (त्याच्या प्रेयसीचं तिथलं रूप) मूळ जगात जाऊन ती गाडी पुलावर अडवतात, आणि विरून जातात. पण अपघात टळला तर यंत्र नाही, यंत्र नाही तर योनास नाही. मग गाडी अडवली कोणी?

पहिला तट म्हणतो, गाठ (दोन्ही जगांना बांधून ठेवणारं काळाचं चक्र) सुटली, विषय संपला. दिग्दर्शक बारान बो ओडार आणि लेखिका यान्ट्ये फ्रीझ यांनी शेवट ज्या सुरात रचलाय, त्याच्याशी हे जुळतं. पण पेचाला हात न लावताच ही मंडळी पुढे निघून जातात.

दुसऱ्या तटाला वाटतं, चक्र पुन्हा सुरू होणार. पुरावा मूळ जगातल्या, शेवटच्या प्रसंगातल्या जेवणाच्या टेबलावरचा: योनासची आई हाना, इथे गरोदर, योनास घालायचा तसल्या पिवळ्या रेनकोटकडे बघत थबकते, हे आधी घडून गेल्यासारखं तिला वाटतं आणि ती बाळाचं नाव योनास ठेवायचं म्हणते. अंगावर काटा येतो, कबूल. पण इथे हानाचा जोडीदार वोलर आहे. आपला योनास मिकेलचा मुलगा. मिकेल उलरिखचा, उलरिख ट्रोंटेचा, आणि ट्रोंटेचा बाप म्हणजे योनास-मार्थाचाच मुलगा! हे अख्खं खानदान स्वतःच्याच पोटी जन्मलेलं. गाठ सुटल्यावर ते येणार कुठून? शिवाय हाना स्वप्नाबद्दल काय सांगते ते पुन्हा ऐका. जग संपलं, काळोख झाला, आणि तिला बरं वाटलं, मोकळं वाटलं. चक्र परत येणार असल्याची ही खूण म्हणायची?

तिसरी थिअरी: अपघात झालाही आणि टळलाही. ऐकायला ही पळवाट वाटते, पण तिचा पाया मालिकेतच घातलेला आहे. २७ जून २०२०, मालिका जिथे घडते त्या विंडेन गावाचा विध्वंस. (तिसरा सीझन नेटफ्लिक्सवर आला तोही याच तारखेला!) त्या वेळी काळ क्षणभर थांबतो, आणि तिथून एकाच योनासच्या दोन वाटा होतात. एका वाटेवर दुसरी मार्था येऊन त्याला घेऊन जाते आणि पुढे तिच्याच हातून तो मरतो. दुसऱ्या वाटेवर योनासचा मित्र बार्टोश तिला अडवतो, ती पोचतच नाही, योनास तळघरात लपून वाचतो आणि म्हातारपणी आडम होतो. दोन्ही खरं. काळात ये-जा करणारी क्लॉडिया आडमला हेच समजावते, आणि त्या जोरावरच तो योनासला मूळ जगाकडे पाठवतो. एका क्षणातून दोन्ही निकाल निघू शकतात हे मालिकेने दाखवलेलंच आहे, तर पुलावरच्या रात्रीला वेगळा नियम कशाला?

माझं मत तिसरीला. अडचण एकच: मग अपघात झालेल्या वाटेवर विंडेनचे हाल चालूच राहतात, आणि त्या दोघांच्या त्यागाची धार थोडी बोथट होते. तेवढ्यासाठी कुणी पहिली थिअरी धरून बसलं तर मी वाद घालणार नाही. दुसरीसाठी मात्र घालीन.

क्लॉडियाच्या मुलीचा, रेगिनाचा, बाप ट्रोंटे नाही ही थिअरी यात मोजली नाही, कारण ती जवळपास सिद्धच आहे: ट्रोंटे बाप असता तर शेवटी ती त्या टेबलावर दिसलीच नसती. आणि वोलरच्या डोळ्याला काय झालं यावर डोकं खपवू नका. तो सांगायला लागतो आणि नेमके दिवे जातात. लेखकांनी मुद्दाम घेतलेली फिरकी आहे ती.