अपघाताच्या क्लेमचा वकील: जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये मिळणारी सेवा आणि तिची पारख

खान्देशात क्लेमचा, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या दाव्याचा, वकील शोधायची वेळ सहसा येतच नाही. जखमी सिव्हिलच्या वॉर्डात पोहोचतो न पोहोचतो तोच कोणीतरी उशाशी येऊन उभा राहतो. हातात कोरे वकीलपत्र आणि तोंडात एकच वाक्य, "भाऊ, तुले काहीच देनं नही, फक्त सही कर." हा वकील नसतो, एजंट असतो. माणूस पाठवून पक्षकार गोळा करणे वकील परिषदेच्या नियमांत बसत नाही. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणेही बसत नाही. तरीही दोन्ही चालते. त्यामुळे या सेवेला पाचपैकी एकच तारा, आणि तोही अर्ज वेळेत दाखल होतो म्हणून.

वेळ ही मोठी गोष्ट आहे. 1 एप्रिल 2022 पासून मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कोणी घरी बसू नये.

टक्केवारीतली खरी खोट टक्क्यात नाही, कामात आहे. लोकअदालतीत लवकर तडजोड झाली तर वकिलाला कमी कष्टात पैसे मिळतात. डॉक्टरची साक्ष लावायची तर समन्स, खर्च आणि चार तारखा मागे लागतात. म्हणून छापील मजकुराचा अर्ज पडतो आणि पुराव्याची फाइल रिकामी राहते. पुढे विमा कंपनी देईल तो आकडा पक्षकाराला "हाच चांगला" म्हणून सांगितला जातो. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, हे सही करताना फारसे कोणी सांगत नाही.

चांगला वकील ओळखायचा असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने शोध घ्यावा. त्याच्याकडे अपघाताचे किती अर्ज आहेत आणि ते कसे निकाली निघाले, हे दिसते. निम्मे अर्ज अर्जदाराच्या गैरहजेरीमुळे काढून टाकलेले दिसले तर तिथेच थांबावे. फलकावर 'क्लेम स्पेशालिस्ट' असे कितीही मोठ्या अक्षरात असले तरी.

दुसरी पारख पहिल्या भेटीत होते. आकडा आधी सांगणारा वकील नको. कागद आधी मागणारा हवा. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिले, दोन्ही वाहनांचे आरसी व विमा, चालकाचा परवाना हे तर सगळेच मागतात. जाणकार माणूस पंचनामा हातात घेऊन वाचायला लागतो. धुळे-जळगाव महामार्गावर रात्री इंडिकेटर न लावता उभ्या ट्रेलरवर दुचाकी आदळली, तर ट्रेलर पांढऱ्या पट्टीच्या किती आत होता, मागे रिफ्लेक्टर होते का, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू झाल्या, एवढ्यावर निकाल फिरतो. हे पंचनाम्यात नसेल तर विमा कंपनी दुचाकीस्वाराची सहनिष्काळजी, म्हणजे त्याचीही चूक होती असे, दाखवते आणि रक्कम कापली जाते.

पोलिसांनी न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत द्यायचा असतो. यासाठी तपासी अंमलदाराकडे पाठपुरावा कोण करणार, हे वकिलाला थेट विचारावे. "ते पोलीस बघतील" असे उत्तर आले तर दुसरे ऑफिस गाठावे.

आता डॉक्टर. जखमीच्या दाव्यातले सर्वांत मोठे पैसे इथेच मिळतात किंवा बुडतात. 32 वर्षांचा, महिना 15,000 कमावणारा पिकअप चालक धरा. स्वयंरोजगारात चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात, म्हणजे महिना 21,000 आणि वर्षाला 2,52,000. वार्षिक रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; या वयाचा गुणक 16, म्हणून 40,32,000. कमाईची क्षमता 10 टक्के गेली असे ठरले तर या शीर्षाखाली 4,03,200 मिळतात. 30 टक्के ठरली तर 12,09,600. प्रमाणपत्रावर अवयवाचे अपंगत्व लिहिलेले असते, तर न्यायालय कामावरचा परिणाम पाहते. पाय आखडलेल्या चालकाला क्लच दाबता येत नाही, ही गोष्ट डॉक्टरने पिंजऱ्यात उभे राहून सांगावी लागते. प्रमाणपत्र नुसते जोडले आणि डॉक्टर आलाच नाही, तर त्या कागदाचे वजन बरेच घटते. म्हणून वकिलाला विचारावे: मागच्या निकालांत किती वेळा डॉक्टरची साक्ष घेतली? निकालाची एखादी प्रत दाखवायला सांगितली तर खरा क्लेमवाला अडखळत नाही.

शेतकऱ्याच्या दाव्यात इथले बरेच वकील कमी पडतात. रावेर-यावलकडचा केळी उत्पादक गेला की नुसता सातबारा जोडतात. मग कंपनी म्हणते, जमीन जागेवर आहे, उत्पन्न चालूच आहे. तेव्हा नुकसान फक्त देखरेखीचे धरले जाते. माणूस स्वतः बाग करत होता हे दाखवायला केळीच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या), व्यापाऱ्याकडून बँकेत आलेली रक्कम, खतांची बिले आणि मृत्यूनंतर बाग बटाईने दिली असेल तर तो कागद लागतो. हे आपणहून मागणारा वकील सापडला तर जास्त फी देऊनही परवडतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचे प्रकरण तर नवख्याकडे देऊच नये. कापूस वेचणीचे मजूर ट्रॉलीत किंवा मडगार्डवर बसलेले असले की कंपनी दोन मुद्दे काढते: विमा शेतीकामाचा आहे आणि प्रवाशांचा हप्ता भरलेला नाही. ट्रॉलीचा वेगळा विमा अनेकदा नसतोच. अशा वेळी 'कंपनीने आधी भरावे, मग मालकाकडून वसूल करावे' असा आदेश मागता येतो. तो मिळेलच असे नाही, पण अर्जात मालक, चालक आणि कंपनी तिघेही पक्षकार हवेत. मालकाला वगळलेले अर्ज दिसतात, का ते देव जाणे.

नंबर न सापडलेल्या डंपरने उडवले तर वकिलाची गरज नाही. हिट अँड रनच्या योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार आहेत. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात जातो. यातही हिस्सा मागणारे भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

वाहन माहीत असेल तर चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये आहे. ती झटपट वाटते. मात्र ती रक्कम स्वीकारली की कलम 166 चा, म्हणजे चूक सिद्ध करून न्यायाधिकरणात मागायचा, मोठा दावा संपतो. हा फरक न सांगता सही घेणाऱ्या वकिलाची फाइल त्याच दिवशी परत घ्यावी.

सर्वांत दुर्लक्षित सेवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नंदुरबारमध्ये, अक्कलकुवा-धडगावकडच्या बहुतेक कुटुंबांना हे लागू आहे. हेल्पलाइन 15100. दर्जा नेमलेल्या वकिलावर ठरतो, कोणी जीव ओततो, कोणी तारखेपुरता येतो. नीट काम होत नसेल तर वकील बदलून मागता येतो. या सेवेला साडेतीन तारे.

फीचे बोलणे लेखी करावे. ठरावीक रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी: दाखल करताना, पुराव्यावेळी, युक्तिवादावेळी. टायपिंग, नोटरी, नकला आणि डॉक्टरचा साक्षखर्च वेगळा धरून पावती घ्यावी. अर्जाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक पहिल्या आठवड्यात हातात हवा, म्हणजे तारीख घरबसल्या कळते. पासबुक, कोरे चेक आणि सही केलेल्या विड्रॉल स्लिपा कोणाच्याही ऑफिसात ठेवू नयेत. भरपाई खात्यात जमा झाल्यावरचे वाद बहुतेक याच कागदांतून निघतात.

निकाल कमी वाटला तर अपील 90 दिवसांत, खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. वाद एक लाखापेक्षा कमी रकमेचा असेल तर अपील नाही. तिथला वकील वेगळा लागतो, आणि जिल्ह्यातला वकील त्याचे नाव सुचवताना स्वतःचा वाटा मध्ये ठेवतो का, हे विचारायला लाजू नये. निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाकावा.