आठ महिने रिझॉल्व्हवर : फुटेज आधी भिजत घालायचं

लग्नं, मुंजी आणि अधूनमधून एखादं कीर्तन, एवढंच माझं एडिटिंगचं दुकान. सात वर्षं महिन्याच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. गेल्या सीझनच्या शेवटी ते बंद करून डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर आलो. लॅपटॉप तोच : विंडोज, १६ जीबी रॅम, साधारण ग्राफिक्स कार्ड.

सॉफ्टवेअर शिकायला वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. कीबोर्डचे शॉर्टकट जुन्यासारखे लावून घेता येतात, त्यामुळे बोटं दोन दिवसांत रुळली. कलरचे नोड (रंगाचा एकेक बदल एकेका डब्यात, डबे एकमेकांना जोडायचे) कळायला महिना गेला, पण आता परत एकावर एक रचायच्या लेयरकडे जावंसं वाटत नाही. घोडं अडलं ते फुटेजपाशी.

माझा कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) १०-बिट ४:२:२ शूट करतो, म्हणजे रंगांच्या छटा आणि रंगाची माहिती जास्त, सेकंदाला १४० मेगाबिट. विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत हा प्रकार चालत नाही, त्याला पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती लागते. पण खरं सांगायचं तर जुन्या सॉफ्टवेअरवरही हे फुटेज रखडतच चालायचं. कारण असल्या फायलीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम, मग पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. टाइमलाइनवर मध्येच कुठे क्लिक केलं की प्रोसेसरला मागची फ्रेम शोधून तिथपासून गणित मांडत यावं लागतं. डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल जाडजूड होते, पण प्रोसेसरला घाम फुटत नाही.

म्हणून आता शूटवरून आलो की कार्ड दोन डिस्कवर कॉपी करायचं, शटर एन्कोडर उघडायचं (व्हिडिओचा फॉरमॅट बदलून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे), सगळं डीएनएक्सएचआरमध्ये बदलायला लावायचं आणि झोपायचं. घरात याला ‘भिजत घालणं’ म्हणतात. आई रात्री मटकी भिजत घालते, मी हळदीचा कार्यक्रम.

डिस्कचा हिशेब मात्र आधी करा. कॅमेऱ्याची तासाभराची फाइल ६३ जीबी. तीच ४के मध्ये डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स (त्याचा १०-बिट सांभाळणारा प्रकार) केली की सेकंदाला २५ फ्रेमने सव्वातीनशे जीबीच्या आसपास. एका लग्नात डिस्क आडवी! मी बाकी सगळं १०८० ला उतरवून घेतो, तासाला साधारण ८३ जीबी. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघणाऱ्या मंडळींना फरक कळत नाही. ४के फक्त हायलाइटच्या निवडक क्लिपांना. काम दिलं की या मधल्या फायली सरळ उडवायच्या, मूळ कार्डाची कॉपी ठेवायची.

एचक्यूएक्समधलं शेवटचं अक्षर विसरू नका म्हणून मुद्दाम सांगतो. पहिले दोन महिने मी नुसतं एचक्यू वापरलं, कारण नावात ‘हाय क्वालिटी’. ते ८-बिट असतं. एका रिसेप्शनला स्टेजमागे निळ्या दिव्यांची भिंत होती. लॉगमधलं (मुद्दाम फिकं शूट केलेलं) फुटेज रंग चढवायला जरा ताणलं तर नवरीच्या डोक्यामागे निळ्या रंगाचे पट्टे, शेतातल्या बांधांसारखे. दोन रात्री कलरशी झटापट केली, मग कळलं की जास्तीचे दोन बिट मी स्वतःच गाळून टाकलेत. पुन्हा भिजत घातलं, एचक्यूएक्समध्ये, पट्टे गेले.

दुसरी ठेच कीर्तनाची. दुसरा कॅमेरा म्हणून मोबाइल लावला होता. मोबाइलचा फ्रेमरेट स्थिर नसतो, प्रकाश कमी झाला की तो हळूच खाली येतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं. चाळिसाव्या मिनिटाला टाळ हातात उघडे आणि आवाज आधीच वाजून गेलेला. तेव्हापासून मोबाइलचं फुटेज स्थिर २५ फ्रेमला बदलल्याशिवाय टाइमलाइनवर येऊ देत नाही.

आणि हो, नवीन प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, काहीही आत ओढायच्या आधी, टाइमलाइनचा फ्रेमरेट बघा. मुळात तो २४ असतो आणि एकदा फुटेज आलं की प्रोजेक्टचा आकडा कुलूपबंद. मी घाईत २४ वर मुंजीचा अर्धा भाग कापला होता. तसंच प्रोजेक्टची वेगळी फाइल फोल्डरमध्ये शोधू नका, सगळं डेटाबेसमध्ये जातं. लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आधी एक्सपोर्ट करून ठेवा. हे मला कसं कळलं, ते विचारू नका.

स्टुडिओ घ्यावं का? २९५ डॉलर, एकदाच. १०-बिट फाइल थेट उघडेल हे खरं, पण माझ्या लॅपटॉपातली चिप ४:२:२ एच.२६४ उलगडायला मदत करत नाही, म्हणजे टाइमलाइन रखडणारच आणि भिजवणं काही सुटणार नाही. घेतलंच तर नॉइज रिडक्शनसाठी (कमी उजेडात चित्रावर येणारे दाणे काढायला) घेईन, ते स्टुडिओतच आहे आणि आमच्याकडच्या मंगल कार्यालयांतला उजेड बघता लागतंच. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्या दोन ऑर्डरींचा ॲडव्हान्स येतो. तेव्हा बघू.