सगळं पाणी एकदम की दोनदा? घरच्या बिअरचं पाण्याचं गणित

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. त्यामुळे हे ब्रिटन-अमेरिकेतल्या मंडळींसाठी. मोजमाप लिटरमध्येच ठेवा, कारण अमेरिकेतले पाच गॅलन म्हणजे १९ लिटर आणि ब्रिटनमधले पावणेतेवीस.

मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवतात, त्याला मॅश म्हणतात. मॉल्ट कापडी पिशवीत घालून सगळं पाणी तेव्हाच वापरायचं, की थोडं राखून त्याने नंतर चोथा धुवायचा (हा स्पार्ज), हा इथला प्रश्न. गणित शेवटाकडून मांडायचं. समजा, फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, २० लिटर हवेत आणि मॉल्ट ५ किलो आहे. तळाच्या गाळात दीड लिटर जाणार. उकळतं वर्ट, म्हणजे मॉल्टचं गोड पाणी, गार होताना साधारण ४ टक्के आकसतं, म्हणजे गरम असताना साडेबावीस लिटर धरा. तासाभरात साडेतीन लिटर आटलं, तर उकळायला २६ लिटर लागतात.

हा आटण्याचा आकडा मात्र माझा घेऊ नका. तो पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतो, आत किती पाणी आहे त्यावर जवळपास नाही. म्हणून 'दहा टक्के आटतं' असा हिशेब छोट्या घाण्याला हमखास फसवतो. नुसतं पाणी तासभर खळखळ उकळा आणि स्टीलच्या पट्टीने आधीची-नंतरची उंची मोजा. दोन्ही वेळा पाणी उकळतं असतानाच, नाहीतर आकसण्याचा फरक त्यात मिसळतो.

इथपर्यंत दोन्ही पद्धती सारख्या. पुढे प्रश्न चोथ्याचा.

पिशवीच्या पद्धतीत सगळं पाणी सुरुवातीलाच घालतात. पिशवी नीट पिळली की चोथ्यात किलोमागे सुमारे ०.६ लिटर अडकतं. म्हणजे २६ अधिक ३, एकूण २९ लिटर. पण मॉल्टही जागा व्यापतं, किलोमागे पाऊण लिटरच्या आतबाहेर. म्हणून ४० लिटरचं पातेलं हवंच.

स्पार्जमध्ये चोथा पिळत नाहीत, तो किलोमागे लिटरभर पाणी धरून ठेवतो. भांड्याच्या तळाशी आणखी एखादा लिटर राहतो. एकूण ३२: मॅशला १५, धुवायला १७. साखर सहसा जास्त उतरते, पण ते १७ लिटर तापवायला वेगळं भांडं लागतं. शिवाय ते ७७ अंशांच्या वर गेलं किंवा पीएच ६ च्या पुढे सरकला की सालातला तुरटपणा बिअरमध्ये उतरतो.

पाच किलोपर्यंत मी बिनदिक्कत पिशवीच सुचवेन: एकच भांडं, एकच आकडा, मोजमापात चुकायला जागा कमी. मॉल्ट सात-आठ किलोंवर गेलं की स्पार्ज बरा. तेवढी भिजलेली पिशवी गरम पातेल्यावर धरून ठेवणं धोक्याचं आहे, आणि तोवर ४० लिटरचं पातेलंही काठोकाठ आलेलं असतं.

पातेलं ३० लिटरचंच असेल, तर पिशवीच वापरा, पण २२ लिटरमध्ये मॅश करा आणि उरलेले ७ लिटर उचललेल्या पिशवीवरून हळूहळू ओता. हे पाणी गार असलं तरी चालतं. उकळी फुटताना मात्र शेजारीच उभे राहा, २६ लिटरवर फेसाला जेमतेम जागा उरते.