दुर्बिणीतून पोटातल्या हर्नियाचं ऑपरेशन: पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

आधी सोनोग्राफीबद्दल, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. जेवलं की बेंबीच्या वर डावीकडे पीळ पडायचा, उलटी झाली की मोकळं वाटायचं. रावेरपासून जळगावपर्यंत ज्याला दाखवलं त्याने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. रिपोर्ट दर वेळी नॉर्मल, पावती दर वेळी नवी. अरे, आतड्यात हवा असली की सोनोग्राफीत पलीकडचं दिसत नाही! त्यात हा हर्निया म्हणजे पोटाच्या मागच्या बाजूला, जन्मापासून राहिलेल्या खळग्यात आतडं शिरणं. बाहेर फुगवटा नाही, हाताला गाठ नाही. कळ थांबली की आतडं बऱ्याचदा आपोआप जागेवर येतं, मग निवांत दिवशी तपासून सापडणार काय?

शेवटी केळीची कापणी चालू असताना कळ आली आणि दुखत असतानाच काँट्रास्ट (आतलं स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन काढला. जठर आणि स्वादुपिंडाच्या मधे लहान आतडं गाठोडं बांधल्यासारखं गोळा झालेलं दिसलं. डावा पॅराड्युओडेनल हर्निया, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाजवळचा. दुर्मिळ आहे, मान्य. पण दुखत असताना एक सीटी आधीच काढला असता तर आधीचा सगळा खर्च वाचला असता.

दुर्बिणीचा खर्च ऐकून मी म्हणत होतो, पोट उघडूनच करा. धाकट्या भावाने ऐकलं नाही. आज सांगतो, ते जास्तीचे पैसे वसूल झाले. डॉक्टरांनी नंतर व्हिडिओ दाखवला. चिमट्याने आतड्याचं एकेक वेटोळं हलक्या हाताने बाहेर घेतात, थांबून रंग बघतात, गुलाबी आहे की काळपट. मग खळग्याचं तोंड शिवतात. त्याच्या कडेनेच इन्फिरिअर मेसेंटेरिक व्हेन ही मोठी शीर जाते, तिला सुई लागू न देता टाके घालतात. जाळी बसवावी लागली नाही, तेवढा खर्च कमी.

एक गोष्ट मात्र कुणीच आधी सांगितली नव्हती: खांदादुखी. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छातीखालचा पडदा डिवचला जातो आणि दुखतो खांदा. टाक्यांपेक्षा तोच जास्त दुखला. आईला वाटलं हार्टचं आहे, ती रडायलाच लागली. एक वाक्य आधी सांगायला काय हरकत होती?

मेडिक्लेममध्ये हर्नियाला दोन वर्षं थांबण्याची अट होती. पॉलिसी जुनी होती म्हणून कॅशलेस झालं. नवी घेणाऱ्यांनी ते कलम वाचाच.

परवा भरीत आणि कळण्याची पुरी पोटभर खाल्ली, काही दुखलं नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर केळीचे घडही उचलतोय.

तुम्हाला असंच जेवणानंतर दुखत असेल, तर दुखत असतानाच सीटीचं विचारा. आणि कळ थांबेना, हिरवी उलटी, वारा सरत नाही, असं झालं तर रात्र असली तरी गाडी काढा. आतडं आवळून त्याचा रक्तपुरवठा तुटला की कुजलेला भाग कापावा लागतो.